सासूचं सांबाल आणि दुतर्फी करार

शम्सुरीला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी 'बॉस' म्हटलं, आणि पुढचं सगळं महाभारत त्या एका शब्दापासून सुरू झालं.

म्हणणारा माणूस साधासुधा नव्हता. मलेशियाच्या जोहोर राज्यातल्या बातू पाहातच्या 'तीन बगळे' सॉस कारखान्याचा मालक, तेओ केंग हुआत. (हा तेओ चहावाल्याला बॉस म्हणतो, चौकातल्या पोलिसाला बॉस म्हणतो, आणि एकदा रस्त्यात आडव्या आलेल्या बकऱ्यालाही तो 'बॉस, जरा बाजूला' म्हणाला होता. पण ही माहिती शम्सुरीला फार उशिरा मिळाली.) शेजारच्याच मुआर गावात शम्सुरीच्या बायकोच्या मामेबहिणीचं लग्न होतं. नवरीचा बाप तेओच्या कारखान्यात लॉरी चालवायचा, म्हणून तेओ लग्नाला आला होता. तुपातल्या भातावर त्याने सांबाल (परतलेल्या मिरचीची झणझणीत चटणी) वाढून घेतलं, मग पुन्हा घेतलं, मग वाडगंच आपल्याकडे ओढलं. जेवण झाल्यावर रुमालाने कपाळ पुसत तो शम्सुरीजवळ आला आणि म्हणाला, "बॉस, हे सांबाल तुमच्या घरचं ना? यावर आपण एकदा बसून बोलायला हवं."

शम्सुरी नगरपालिकेच्या परवाना खात्यात कारकून होता. तिथे लोक त्याला 'अहो ते' म्हणायचे. घरी तर तेवढंही नाही. त्याची सासू, माक (म्हणजे आई) हब्साह, जावयाचा उल्लेख त्याच्यासमोर बसूनही 'तो' असा करायची. "त्याला विचार, भात घेणार का," असं ती मुलीला सांगायची, आणि भाताचं पातेलं शम्सुरीच्या गुडघ्याला लागून असायचं. याला कारण होतं. लग्नानंतर पहिल्याच वर्षी शम्सुरीने सासूच्या विहिरीवरचा पंप हौसेने दुरुस्त केला होता. दुरुस्तीनंतर पंप सुरू झाला तो इतका की स्वयंपाकघरात बदकं पोहायला लागली. तेव्हापासून त्या घरात शम्सुरीला कशालाही हात लावायची परवानगी नव्हती. आपल्यावर सासूचा विश्वास बसावा, तिने एकदा तरी चारचौघांत 'माझा जावई' म्हणावं, एवढीच त्या बिचाऱ्याची इच्छा होती.

तेव्हा बॉस झालेला शम्सुरी त्याच संध्याकाळी सासूपुढे मांडी घालून बसला आणि म्हणाला की तेओशी बोलणी मी करतो, व्यवहाराचं माझ्यावर सोडा. माक हब्साहने पानाचा विडा एका गालातून दुसऱ्या गालात सरकवला. सांबाल तिच्या आईपासून आलेलं होतं. शम्सुरीची बायको हिदाया गेले कित्येक महिने तेच बाटल्यांत भरून विकायचं म्हणत होती, आणि येत्या ईदेला सुरुवात करायचं मायलेकींचं ठरलंही होतं. मोठा कारखाना मदतीला आला तर हवंच होतं. पण माक हब्साहची अट एकच होती.

"त्याला सांग," ती मुलीला म्हणाली, "बाटलीवर माझं नाव पाहिजे. माझा फोटो पाहिजे. आणि माझं सांबाल माझंच राहिलं पाहिजे. नाहीतर पंपासारखं करून ठेवेल."

शम्सुरीने मान डोलावली. मोठे लोक बोलणी करण्याआधी गुप्ततेचा करार करतात, हे त्याला ठाऊक होतं, कारण परवाना खात्यात त्याने अशा करारांवर चहाचे कप ठेवले होते.

दुसऱ्या दिवशी लोगेस्वरी वकीलबाई कुठल्याशा अशिलाच्या हॉटेलच्या परवान्यासाठी खिडकीवर आल्या. शम्सुरीने त्यांचा अर्ज हातात धरून ठेवला आणि फुकटचा सल्ला मागितला. (अर्ज सोडला असता तर बाई थांबल्या नसत्या. सरकारी नोकरीत एवढी अक्कल सगळ्यांनाच येते.) असे करार तीन तऱ्हेचे असतात, बाईंनी सांगितलं. एकतर्फी, दुतर्फी आणि बहुतर्फी. गुपित एकाच बाजूकडे असेल तर एकतर्फी: तो सांगणार, समोरचा तोंड बंद ठेवणार. दोघंही एकमेकांना गुपितं सांगणार असतील तर दुतर्फी: दोघांचीही तोंडं बंद. तीनचार जणांची गुपितं एकत्र आली तर बहुतर्फी.

"तुमच्याकडे काय आहे?" बाईंनी विचारलं.

"सांबाल."

"त्यांच्याकडे?"

"कारखाना."

"कारखान्याचं गुपित हवंय तुम्हाला?"

"छे. मला ते घेऊन काय करायचंय?"

"मग एकतर्फी. ज्याला ऐकायचंय त्याचंच तोंड बांधायचं. आणि सांबाल ज्यांचं आहे त्यांची सही घ्या, तुमची नको. द्या तो अर्ज."

इतकं स्वच्छ सांगितल्यावर कुणीही एकतर्फी करार केला असता. पण शम्सुरी मुआरचा माणूस. मुआरमध्ये कुणाचं घर पेटलं असलं तरी आधी 'जेवलात का' विचारतात आणि मग आगीचा विषय काढतात. पाहुण्याला बोलवायचं, चहा पाजायचा, आणि वर त्याच्या हातात कागद द्यायचा की बाबा रे, तू बोलायचं नाहीस, मी मात्र वाटेल ते बोलेन? हे त्याच्या जिवाला पटेना. पाहुण्यावर अविश्वास दाखवायचा म्हणजे आपलीच लाज. शिवाय एकतर्फी करार अगदीच लहान होता, दोन पानांत संपायचा. इंटरनेटवर बघितलं तर दुतर्फी कराराची चांगली जाडजूड पानं निघत होती. बहुतर्फी त्याहून जाड. शम्सुरीने काही काळ बहुतर्फीचाही विचार केला, पण तिसरी बाजू आणायची कुठून हा प्रश्न सुटेना.

शेवटी त्याने फोन करून तेओलाच विचारलं. (चोराला कुलूप कुठलं घेऊ असं विचारावं, तसं. पण तेव्हा त्याला तो सज्जनपणा वाटला.) तेओ फोनवरच विरघळला.

"बॉस, तुम्ही मनातलं बोललात. दुतर्फीच करू. तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवा, मी तुमच्यावर ठेवतो. आपण बरोबरीचे."

बरोबरीचे. परवाना खात्यातला कारकून आणि तीन बगळ्यांचा मालक. शम्सुरीने फोन ठेवला तेव्हा त्याची छाती शर्टाच्या गुंड्यांना सोसवत नव्हती.

सह्या नदीकाठच्या चहाच्या दुकानात झाल्या. इंटरनेटवरून उतरवलेला तो करार मुळात कुठल्यातरी संगणकवाल्यांचा होता. शम्सुरीने नावं बदलली, पण आतला मजकूर बदलायचा राहून गेला. त्यामुळे सासूच्या सांबालाचा उल्लेख त्यात 'सदर सॉफ्टवेअर' असा होता, आणि त्याची नक्कल कुठल्याही डिस्कवर उतरवायला सक्त मनाई होती. तेओने तो बारकाईने वाचला, एकदाही न हसता सही केली, आणि शम्सुरीच्या हातात पेन दिलं. सांबालाच्या बाजूने सही कुणाची, हा विचार शम्सुरीच्या मनात क्षणभर आला. सासूकडे कागद नेला असता तर तिने शंभर प्रश्न विचारले असते. त्याने स्वतःच्याच नावाची झोकदार सही केली आणि खाली 'प्रतिनिधी' लिहिलं. कुणी नेमला होता हे कागदात विचारलं नव्हतं.

"आता चला," तेओ उठत म्हणाला, "मी तुम्हाला माझं गुपित दाखवतो."

बघा, किती भला माणूस. आपलं सांबाल अजून सांगायचंच आहे, आणि हा आधी स्वतःचं गुपित सांगतोय. बातू पाहातपर्यंत मोटारीत शम्सुरी दोस्तीवरच बोलत होता.

कारखान्यात शिरताना त्याच्या डोक्यावर केसांची जाळी चढवली गेली. तेओने त्याला शेवटच्या खोलीत नेलं. तिथे एका भल्या मोठ्या कढईत लालभडक काहीतरी रटरटत होतं, आणि त्याचा वास शम्सुरीच्या ओळखीचा होता. इतका ओळखीचा की त्याचा हात सवयीने 'तो भात घेणार' हे सांगायला वर गेला. तेओने चमचाभर त्याच्या तोंडात घातलं. मग जिन्नस सांगितले, एकेक करून: सुकी मिरची, छोटे कांदे, तळलेले सुके मासे, भाजून कुटलेलं खोबरं, चिंच. किती वेळ परतायचं, तेल कधी सुटतं, सगळं. टेबलावर छापून आलेल्या लेबलांची चळत होती. त्यावर बुचडा बांधलेली एक हसरी म्हातारी होती आणि खाली 'नानीचं सांबाल' असं लिहिलं होतं.

"कोण नानी?" शम्सुरीने विचारलं.

"चित्रकाराने काढली. ईदेआधी बाजारात आणतोय. काहीतरी किंचित कमी वाटतं मला त्यात, पण लोकांना काय कळतंय." तेओ त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "आणि बॉस, हे आता आपलं दोघांचं गुपित. कराराप्रमाणे तुम्हाला हे कुणाला सांगता येणार नाही आणि वापरताही येणार नाही. उद्या तुमच्या घरून असंच सांबाल बाजारात आलं, तर मला नाइलाजाने म्हणावं लागेल की माझं गुपित तुम्ही घरी नेलंत."

शम्सुरीच्या तोंडात अजून ती चव होती. सासूचं सांबाल वाचवायला तो घराबाहेर पडला होता, आणि संध्याकाळच्या आत ते दुसऱ्याचं करून, वर स्वतःच्या तोंडाला स्वतःच कुलूप लावून बसला होता. पंप बरा, असं त्याला वाटलं. पंपाचं पाणी निदान ओसरलं होतं.

"पण तुम्हाला हे कुठून..." त्याने कसंबसं विचारलं.

"तेही गुपितातच येतं, बॉस," तेओ म्हणाला, आणि आग्रह करकरून त्याला आणखी चार प्रकारचे सॉस चाखवले.

घरी आल्यावर जे झालं त्याला सांबाल जबाबदार नव्हतं. शम्सुरीचं पूर्वायुष्य जबाबदार होतं. हा माणूस बायकोच्या वाढदिवसाची भेट आठवडाभर आधी बायकोलाच सांगून टाकायचा. कार्यालयात कोणाची बदली होणार, शेजारचा रुस्लान कुणाला घाबरून मागच्या दाराने पळाला, सगळं दारात चपला काढता काढता ओकून मोकळा व्हायचा. तो माणूस आज गप्प होता.

"अबांग, काय म्हणाला तो?" हिदायाने पाणी देत विचारलं. (अबांग म्हणजे तिकडचं 'अहो'.)

"सांगता येत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे, बोलणी चांगली झाली. काय झाली ते सांगता येत नाही."

"बरं. जेवायला वाढते."

"भूक नाही."

हिदायाचा हात थांबला. मुआरमधल्या नवऱ्याने बायकोला सांगू नयेत अशा गोष्टी फार नाहीत, पण 'भूक नाही' ही त्यांतली पहिली. तिने शांतपणे विचारलं, "कुठे जेवून आलात?"

"जेवलो नाही. चाखलं फक्त."

"काय चाखलं?"

"सांबाल."

"कुणाच्या हातचं?"

शम्सुरीने कराराचं चौथं कलम आठवलं. "सांगता येत नाही," तो म्हणाला.

तेवढ्यात हिदायाने धुवायला टाकण्यासाठी त्याचा शर्ट उचलला आणि खिशातून केसांची जाळी बाहेर आली. बायकांची असते तशी, नाजूक. त्यात एक लांब केसही अडकला होता. (कारखान्यात जाळ्या धुऊन पुन्हा वापरत. हेही गुपितातच येत होतं.) हिदायाने ती दोन बोटांत धरली, दिव्यासमोर नेली, आणि शम्सुरीने तोंड उघडायच्या आत म्हणाली, "हेही सांगता येत नाही, हो ना?"

शम्सुरीने मान हलवली. तो खरं बोलत होता, आणि खरं बोलून इतकं नुकसान झालेला तो मुआरमधला पहिलाच नवरा असेल.

माक हब्साह बाजूच्याच घरात राहायची. ती आली, जाळी पाहिली, आणि मुलीला म्हणाली, "त्याला विचार, सीमेपलीकडे थायलंडात जाऊन दुसरा निकाह लावून आलाय की अजून नुसतं जेवणंच चाललीत." शेजारच्या काकीचा नवरा असाच एकदा 'मासेमारीला' म्हणून गेला होता आणि दुसरी बायको घेऊन परत आला होता. माशाचं नाव नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून शम्सुरीच्या ताटात पांढरा भात आणि उकडलेलं अंडं येऊ लागलं. सांबाल बंद. "बाहेर मिळतंय की," हिदाया म्हणायची. झोपायला दिवाणखान्यातला बाकडा मिळाला. हिदाया रडली असती तर त्याला बरं वाटलं असतं, पण ती रडत नव्हती. ती शांत होती, आणि दुपारी बाटल्यांचे रिकामे खोके आवरून माळ्यावर टाकत होती. दुकान काढायचा विषय तिने सोडूनच दिला. नवराच आपला उरला नाही तर लेबल कशाला, असं ती आईला म्हणाली. ते शम्सुरीने भिंतीआडून ऐकलं. आपण मूर्ख आहोत हे त्याला बऱ्यापैकी आधीपासून माहीत होतं. आपल्या मूर्खपणाने हिदायाची हौस मेली, हे मात्र त्याला सहन होईना.

त्याने करार पुन्हा पुन्हा वाचला. गुपित कुणाकुणाला सांगायला परवानगी आहे ते त्यात होतं: वकील, हिशेबनीस, बँक. बायको नव्हती. करार लिहिणारा बहुधा अविवाहित असावा. 'कायदेशीर सत्तेने हुकूम केल्यास' सांगता येत होतं, आणि सासू त्यात बसते का यावर शम्सुरीने कार्यालयात अर्धा दिवस घालवला. वाचून वाचून कलमं पाठ झाली. उपयोग काही दिसेना.

आणि मग शनिवारी शेजारच्या काकीच्या मुलाच्या लग्नाचा रेवांग आला.

लग्नाच्या आदल्या दिवशी सगळा गाव लग्नघराच्या अंगणात जमतो आणि लग्नाचा स्वयंपाक मिळून करतो, तो रेवांग. तिथे कुणी पाहुणा नसतो. जो फाटकातून आत येतो त्याच्या हातात सुरी नाहीतर खवणी दिली जाते, मग तो गावचा इमाम असो की विजेचं मीटर बघायला आलेला माणूस. पुरुष एका बाजूला मांस कापतात आणि चुलीला लाकडं घालतात, बायका दुसऱ्या बाजूला वाटतात, सोलतात आणि गावभरच्या चहाड्या करतात. शम्सुरीला दर वेळी पुरुषांच्या बाजूला, चुलीपासून दूर, नारळ सोलायला बसवत. या वेळी त्याच्या 'थायलंडातल्या सासुरवाडीची' कीर्ती सगळीकडे पसरली होती, त्यामुळे पुरुष त्याच्याकडे बघून खाकरायचे. एकाने तर थायलंडात हल्ली हवा कशी आहे, असंही विचारलं. तो खवणी उचलून बायकांच्या बाजूच्या कडेला जाऊन बसला. तिथे निदान बायका टोमणे तोंडावर मारत होत्या.

माक हब्साह मोठ्या कढईपुढे उभी होती, हातात वल्ह्याएवढा पळा. आणि ती ओरडत होती.

"खोबरं अजून भाज. काळं नको, तांबूस. जमीला, चिंच आत्ता नको, तेल सुटल्यावर. मासे वेगळे तळून शेवटी. किती वेळ म्हणून काय विचारतेस, हात दुखेपर्यंत परत."

शम्सुरीचा नारळ हातातच राहिला. हे तर सगळं तेच होतं. शेवटच्या खोलीतलं. तीन बगळ्यांचं. आणि ते सासू अंगणभर बायकांपुढे, कुंपणापलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात सांगत होती.

"माक," तो न राहवून म्हणाला, "तुम्ही हे असं सगळ्यांना सांगता?"

माक हब्साहने त्याच्याकडे न बघता हिदायाला सांगितलं, "त्याला सांग, न सांगता एवढ्या जणींकडून काम करून घ्यायला मी जादूगार नाही."

"दर रेवांगात?"

"मग काय, कानात सांगू?"

कांदे सोलणारी काकी हसली. "अरे, मागच्या लग्नाला तर तो बातू पाहातचा सॉसवाला पण शिकला. दिवस चुकून आदल्या दिवशीच आला, सूट घालून. आम्ही दिली सुरी हातात. दिवसभर कांदे सोलले बिचाऱ्याने, डोळे सुजले. तुझ्या सासूला म्हणाला, तुमच्यासारखा हात मी जोहोरमध्ये पाहिला नाही. मग काय, हिने मूठभर म्हणजे किती तेसुद्धा मोजून दाखवलं त्याला. हिदायाच्या दुकानाचंही सांगितलं."

माक हब्साहने पळा जरा जास्तच जोरात फिरवला.

शम्सुरी उठून उभा राहिला. खवणी, नारळ, करवंटी सगळं मांडीवरून घरंगळलं. पाठ केलेल्या कलमांपैकी एक त्याच्या डोक्यात लख्ख पेटलं: जे आधीच चारचौघांना ठाऊक आहे, ते गुपित धरलं जाणार नाही. इथे तर चारचौघं कसले, गाव होतं. त्याने एक श्वास घेतला आणि आठवडाभर तुंबलेलं सगळं एका दमात सांगून टाकलं. दुतर्फी करार, कढई, चमचा, चित्रातली नानी, धुऊन पुन्हा वापरायच्या जाळ्या. 'सदर सॉफ्टवेअर'सुद्धा त्याने सोडलं नाही. अंगणात वाटणं थांबली होती.

"म्हणजे ती जाळी कारखान्याची?" हिदायाने विचारलं.

"माझ्या डोक्यावर होती. पाहिजे तर आत्ता घालून दाखवतो."

 हिदायाने ओढणीचं टोक तोंडाला लावलं. ती हसतेय की रडतेय ते कळेना, पण त्याला काहीही चाललं असतं.

"बाई मिळायला अक्कल लागते," ती शेवटी म्हणाली. "मी उगाच घाबरले."

सगळ्या बायका आता माक हब्साहकडे बघत होत्या, कारण हिशेब उघड होता. सांबाल जावयाने घालवलं नव्हतं. ते स्तुती ऐकून सासूनेच स्वतःच्या तोंडाने वाटलं होतं; जावयाने फक्त त्यावर शिक्का मारला होता. माक हब्साहने विडा या गालातून त्या गालात नेला, पुन्हा परत आणला. मग ती अत्यंत शांतपणे म्हणाली, "हे रेवांगाचं सांबाल. गावाला घालायचं. घरचं वेगळं आहे. त्यात शेवटी काय घालते ते मी कुणाला सांगितलंय?"

(घरच्यात खरंच वेगळं काही पडत होतं, की म्हातारीने ते त्या क्षणी पोटातून काढलं, हे आजतागायत कुणाला कळलेलं नाही. हिदायाने त्या वेळी आईकडे ज्या नजरेने पाहिलं त्यावरून शंकेला जागा आहे.)

मागच्या लग्नातल्या नवरीचा बाप, तेओचा लॉरीवाला, तिथेच मांस कापत होता. त्यामुळे 'घरचं वेगळं आहे' हे वाक्य दुसऱ्या दिवशी तेओच्या टेबलावर पोचलं. आणि तेओला तर पहिल्यापासून त्यात काहीतरी किंचित कमी वाटतच होतं. लग्नाचा मांडव उतरायच्या आत तो माक हब्साहच्या ओसरीवर हजर झाला, फळांची टोपली घेऊन. आधी त्याने थोडं रागावून पाहिलं, करार मोडलात म्हणाला. पण हिदायाने या वेळी लोगेस्वरी वकीलबाईंना बोलावून ठेवलं होतं. बाईंनी तो जाडजूड कागद चाळला आणि विचारलं की यावर सांबालवाल्यांची सही कुठे आहे. ही सही शम्सुरीची आहे. त्यांना कुणीही नेमलेलं नाही आणि त्यांच्याकडे कुठलंही गुपित नाही. ज्याच्याकडे काहीच नाही त्याच्याशी दुतर्फी करार करून तुम्ही काय मिळवलंत, तेओसाहेब, आणि कांदे तुम्ही अंगणात सोललेत ना? तेओने चहाचा कप उचलला आणि विषय बदलला.

मग खरी बोलणी झाली, आणि ती हिदायाने केली. बाटलीवर आईचं नाव, आईचा फोटो. तेओचा कारखाना फक्त बाटल्या भरून देणार. शेवटचा जिन्नस त्याला सांगितला जाईल, पण आधी गुप्ततेचा करार. एकतर्फी.

"बॉस, दुतर्फी करू या ना," तेओ सवयीने म्हणाला. "विश्वासाने."

"नको," हिदाया म्हणाली. "तुमचं गुपित ऐकून काय करू? ते आमचंच आहे."

तेओने सही केली. पाच वर्षं तोंड बंद. माक हब्साहने कागद स्वतःच्या हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला, आणि हनुवटीने शम्सुरीकडे खूण केली.

"आणि तो?"

सगळे शम्सुरीकडे वळले. त्याने खिशातलं पेन काढलंच होतं. खरं तर त्याला थोडा अभिमानही वाटला. अखेर आपल्यालाही गुपितात घेतायत. वकीलबाईंनी त्याच्यासाठी एक ओळ जास्तीची लिहिली. तेओला पाच वर्षं, शम्सुरीला आजन्म. त्याने ती वाचली आणि झोकदार सही केली. या वेळी खाली 'प्रतिनिधी' लिहिलं नाही.

"आता सांगा, माक," तो सरसावून बसत म्हणाला.

"त्याला सांग," माक हब्साह मुलीला म्हणाली, "दुकानातून नारळ घेऊन ये. चांगले बघून. वाजवून."

तो नारळ घेऊन आला तेव्हा तेओ हात जोडून मोटारीत बसत होता. सांगून झालं होतं.

ईदेला बाटल्या बाजारात आल्या. लेबलावर माक हब्साह हसत नव्हती, विडा तोंडात असल्यामुळे एक गाल फुगला होता, पण खाली नाव ठसठशीत होतं. हिदायाने माळ्यावरचे खोके उतरवले आणि ओसरीवर दुकान मांडलं. शम्सुरीच्या ताटात सांबाल परत आलं. चहाच्या दुकानात लोक त्याला घेरून विचारू लागले की शेवटी काय घालतात, सांग ना. शम्सुरी कप खाली ठेवायचा, नदीकडे बघायचा आणि म्हणायचा, "करार आहे. सांगता येत नाही." लोक माना डोलावायचे. इतका पक्का माणूस आपल्यात होता आणि आपल्याला पत्ता नव्हता, असं त्यांना वाटायचं.

ईदेच्या दुसऱ्या दिवशी पाहुण्यांनी ओसरी भरली होती. मलाक्काहून आलेली माक हब्साहची एक चुलत बहीण कुजबुजली की सगळं ठीक, पण घरात असा बडबड्या माणूस असताना गुपित टिकायचं कसं. शम्सुरी सरबताचे पेले घेऊन दारातच उभा होता. माक हब्साहने मान वर केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "तो? माझा जावई आहे तो. त्याच्यावर माझा पूर्ण विश्वास आहे."

शम्सुरीच्या हातातले पेले किणकिणले. त्याचे डोळे भरून आले.

"त्याला काहीच माहीत नाही," माक हब्साह म्हणाली. "हिदाया, त्याला सांग, सरबत सांडतंय."